मुद्देसाहेबांचं अखंड समाधान

मुद्देसाहेबांना काम करायचा कंटाळा नव्हता. केलेलं काम रोज संध्याकाळी कुणाला तरी सांगत बसायचा मात्र त्यांना मनापासून तिटकारा होता, आणि पुढचा सगळा गोंधळ झाला तो त्यापायी.

मुद्देसाहेब हे काही त्यांचं आडनाव नव्हे. तोंड उघडलं की पहिल्यांदा 'मुद्दा असा की' एवढं बाहेर यायचं आणि खरा मुद्दा येईपर्यंत समोरचा उठून गेलेला असायचा, म्हणून वजनमाप तपासणी कार्यालयातल्या कुणा टवाळाने हे नाव पाडलं. ते असं चिकटलं की खुद्द बायकोसुद्धा चिडली की नुसतं 'अहो' न म्हणता 'अहो मुद्देसाहेब' म्हणायची.

या कार्यालयाचं काम दुकानदारांचे तराजू आणि काटे तपासायचं. जो काटा खोटं बोलताना सापडतो तो जप्त होतो आणि तळघरात येऊन पडतो. त्या तळघराचे मुद्देसाहेब हे एकमेव रहिवासी. एक टेबल, एक खुर्ची, एक कॉम्प्युटर, डोळे मिचकावणारी एक ट्यूबलाइट आणि चहूबाजूंनी छताला टेकलेले लबाड काटे. वर एक झरोका होता, तो बाहेरच्या फुटपाथच्या पातळीला. त्यातून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे बूट दिसायचे आणि त्या बुटांची धूळ आत यायची. धूळ आली की मुद्देसाहेबांना शिंक यायची, आणि एक शिंक आली की तिच्यामागे तिचं सगळं खानदान यायचं. समोरच्या फ्लॅटमधल्या होमिओपॅथ बाईंनी वर्षभर गोड गोळ्या दिल्या आणि शेवटी हात टेकले. म्हणाल्या, "हे बघा, तुमच्या नाकाला औषध नकोय. त्याला खिडकी हवीय."

खिडकी पहिल्या मजल्यावर होती. चांगली रुंद, पूर्वेकडची, बाहेर एक झाड असलेली. झाड कसलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण त्या खिडकीशी बसणाऱ्या हिशेबनीसांनी इतक्या वर्षांत कधी मान वर करून बाहेर बघितलं नव्हतं. ते आता निवृत्त होणार होते. जागा ज्येष्ठतेने मिळते असा दंडक होता आणि ज्येष्ठतेत पुढचा नंबर मुद्देसाहेबांचा होता. त्यामुळे त्यांनी बायकोला सांगून टाकलं, होमिओपॅथ बाईंना सांगून टाकलं, जिन्यात भेटेल त्याला सांगून टाकलं, आणि एका रविवारी खिडकीत ठेवायला एक छोटी कुंडीही घेऊन आले. माणसाने एवढं उतावीळ होऊ नये, पण त्या नाकाने जे भोगलं होतं ते भोगल्याशिवाय कुणी हसू नये.

अशा सुरळीत चाललेल्या आयुष्यात पोर्टल आलं.

पोर्टलचं नाव 'समाधान'. मुख्यालयात कुणाला तरी वाटलं की कर्मचारी समाधानी आहेत की नाहीत ते कळायला हवं, आणि ते त्यांना विचारण्यापेक्षा त्यांच्याकडून भरून घेणं बरं. रोज संध्याकाळी प्रत्येकाने फॉर्म भरायचा. आज काय काम केलं, उजेड कसा होता, हवा कशी होती, पाण्याची सोय कशी होती, सध्याच्या जागेवर आपण कितपत समाधानी आहात. 'पूर्ण समाधानी' निवडलं की प्रश्न संपला. 'असमाधानी' निवडलं की खालून नवे प्रश्न उगवायचे: कधीपासून असमाधानी आहात, जबाबदार कोण, पुरावा म्हणून छायाचित्र जोडा, समाधानी होण्यासाठी आपण स्वतः कोणते प्रयत्न केलेत, त्यावर वरिष्ठांचा अभिप्राय काय. साहजिकच सगळं कार्यालय एका आठवड्यात पूर्ण समाधानी झालं. अपवाद फक्त आवक-जावकच्या बाईंचा. त्या रोज 'असमाधानी' निवडायच्या, रोज गळक्या नळाचं छायाचित्र जोडायच्या आणि वरिष्ठांच्या टेबलाशी जाऊन अभिप्राय मिळेपर्यंत उभ्या राहायच्या. खिडकीवर त्यांचाही डोळा होता.

मुद्देसाहेबांनी आयुष्यभर कारकुनी केलेली. कागदावर प्रतिकूल शेरा मारला की त्याचा खुलासा आपल्यालाच द्यावा लागतो हे त्यांच्या रक्तात भिनलं होतं. तेव्हा 'पूर्ण समाधानी' निवडायला त्यांना काही वाटत नसे. छळ होता तो शेवटच्या चौकटीचा. तिच्यात 'मनोगत' लिहायचं, किमान वीस शब्दांचं, आणि कालचं आज चालत नसे. सतराव्या शब्दाला शिंका सुरू व्हायच्या, तोवर पोर्टल 'आपले सत्र संपले आहे' म्हणून बाहेर काढायचं, की पुन्हा पहिल्यापासून. घरी पोचायला रोज उशीर होऊ लागला. बायको प्रसूतिगृहात नर्स होती. ती म्हणाली, "अहो, माझ्या वॉर्डात तेवढ्या वेळात बाळ होऊन रडायला लागतं. तुमचा एक फॉर्म होत नाही?"

हे वाक्य जिन्यातून वर चढणाऱ्या निवृत्त बँक मॅनेजरांनी ऐकलं. ते वरच्या मजल्यावर एकटे राहायचे आणि निवृत्तीनंतर कॉम्प्युटर शिकले होते. अशा माणसाला विद्यार्थी लागतो, आणि तो मिळेना म्हणून बिचारे चिडचिडे झाले होते.

"फॉर्म हाताने भरता?" त्यांनी असं विचारलं की मुद्देसाहेबांना आपण अजून चकमकीने जाळ पेटवतो की काय असं वाटलं. "अहो, फॉर्म म्हणजे तरी काय? तुम्ही बटण दाबता तेव्हा तुमचा ब्राउझर सर्व्हरला एक चिठ्ठी पाठवतो. प्रश्नाचं नाव आणि त्याचं उत्तर, बस्स. ती चिठ्ठी आपला प्रोग्रामही पाठवू शकतो. सर्व्हरला काय कळतंय, माणसाने पाठवली की यंत्राने!"

"मुद्दा असा की, हे नियमात—"

"बसेल. नियम करणाऱ्यांना हे माहीतच नाहीये."

मग रोज संध्याकाळी मुद्देसाहेब वरच्या मजल्यावर जाऊ लागले. दोन पोक्त माणसं एका पडद्यापुढे डोकं लावून बसायची आणि एक स्वल्पविराम चुकला म्हणून एकमेकांशी अबोला धरायची. पण अखेर स्क्रिप्ट तयार झाली. मॅनेजरांनी ती चालवली. पडद्यावर आकडा उमटला: दोनशे.

"दोनशे म्हणजे?"

"दोनशे म्हणजे सर्व्हर म्हणतोय, सगळं व्यवस्थित." मॅनेजरांनी खुर्चीत मागे रेलून हात चोळले. बँकेत मोठं कर्ज वसूल झाल्यावरही ते इतके खूष झाले नसतील.

सबंध आठवडा दोनशे येत राहिलं. मुद्देसाहेब वेळेत घरी येऊ लागले, बायकोला भाजी चिरून देऊ लागले. आठवडा संपला आणि त्यांना मेमो मिळाला: आपण एकही अहवाल का भरला नाही याचा खुलासा करावा. तपासाअंती कळलं की सर्व्हर रोज व्यवस्थितपणे, अगदी अदबीने 'कृपया आधी लॉगिन करा' असं पान पाठवत होता. पान नीट पोचलं म्हणून दोनशे. पानावर काय लिहिलंय ते वाचायचं दोघांनाही सुचलं नव्हतं. "आमच्या बँकेतही असंच असायचं," मॅनेजर म्हणाले, "पोचपावती आली की पत्र कोण वाचतो?"

दुसऱ्या खेपेला त्यांनी स्क्रिप्टला आधी नाव आणि पासवर्ड देऊन लॉगिन करायला शिकवलं. तरी पोर्टल नाकारू लागलं, कारण प्रत्येक फॉर्मच्या पोटात एक लपवलेला आकडा असायचा, दर वेळी नवा, आणि तो परत पाठवला नाही तर पोर्टल ओळख दाखवत नसे. मग स्क्रिप्ट आधी फॉर्म मागवू लागली, त्यातला आकडा शोधू लागली आणि उत्तरांना जोडून परत पाठवू लागली. राहता राहिलं मनोगत. त्यासाठी मुद्देसाहेबांनी कार्यालयाच्या निरोप-समारंभांतली भाषणं आणली. त्यांतल्या वाक्यांचे तुकडे केले, आणि स्क्रिप्टने रोज त्यांतले दोन-तीन उचलून जोडायचे असं ठरलं. 'या जागेने मला भरभरून दिले.' 'इथला प्रत्येक क्षण मी हृदयाच्या कप्प्यात जपला आहे.' 'इथून पाय निघत नाही.' निवृत्त होणाऱ्या माणसाबद्दल लोक सहसा चांगलंच बोलतात, त्यामुळे शब्दांचा तुटवडा पडला नाही.

स्क्रिप्ट मॅनेजरांच्या कॉम्प्युटरवर बसवली, कारण तो कधी बंद होत नसे. कार्यालय सुटायच्या ठोक्याला ती आपणहून उठायची, मुद्देसाहेब पूर्ण समाधानी असल्याचं कळवायची आणि झोपी जायची. मुद्देसाहेबांना पोर्टलचं अस्तित्वही विसरायला झालं. आवक-जावकच्या बाई नळाचं छायाचित्र काढताना दिसल्या की ते हातात पिशवी घेऊन त्यांच्यासमोरून मुद्दाम सावकाश जात. आपण काहीतरी मोठं केलंय असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं, आणि हे सुख त्यांना काही पचलं नाही.

पहिली पाल चुकचुकली ती तळघरात नळ फुटला त्या दिवशी. पाणी घोट्याच्या वर आलं. मुद्देसाहेब टेबलावर उभे राहून ओरडत होते आणि जप्त काट्यांचे रिकामे डबे त्यांच्याभोवती तरंगत होते. त्याच संध्याकाळी पोर्टलवर त्यांनी पाण्याची सोय 'उत्तम' असल्याचं नोंदवलं. मनोगतात म्हटलं होतं, 'आज मन भरून आले आहे. इथून पाय निघत नाही.' नंतर ते तापाने घरी पडून होते, तेव्हाही ते रोज तळघरातल्या हवेने प्रसन्न होत राहिले. रविवारी तर ते न चुकता समाधानी असत. हे कुणाच्या लक्षात आलं नाही, असं मुद्देसाहेबांना वाटलं. लक्षात येत होतं, पण भलत्याच अर्थाने.

हिशेबनीस निवृत्त झाले. मुद्देसाहेबांनी त्यांच्या निरोपाचं भाषण मन लावून ऐकलं, एक-दोन वाक्यं टिपूनही घेतली, आणि दुसऱ्या दिवशी जागाबदलाचा अर्ज दिला. उत्तर झटपट आलं.

'अर्जदार सध्याच्या जागेवर पूर्ण समाधानी असल्याचे त्यांनी स्वतः सातत्याने, सुटीच्या दिवशीही, नमूद केले आहे. इथून पाय निघत नसल्याचेही त्यांनी वारंवार कळवले आहे. सबब त्यांना तेथून हलवणे अन्यायाचे होईल.'

मुद्देसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. ते तडक घरी आले आणि वरच्या मजल्यावर गेले. दाराला कुलूप होतं. मॅनेजर मुलीच्या बाळंतपणासाठी परदेशी गेले होते, चांगले काही महिन्यांसाठी. किल्ली शेजारी ठेवलेली नव्हती. ज्या माणसाने उभा जन्म तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन वेगळ्या माणसांकडे ठेवण्यात घालवला, तो घराची किल्ली कुणाला देणार?

फोन लावला. पलीकडे तान्हं बाळ टाहो फोडत होतं.

"मॅनेजरसाहेब, ती स्क्रिप्ट बंद करायचीय!"

"का? चालत नाही का?"

"चालतेय हो! तेच तर—"

"चालतेय ना? मग हात लावू नका. चालत्या प्रोग्रामला हात लावायचा नसतो. बरं, बाळ रडतंय, ठेवतो."

इमारतीत सल्ल्यांना तोटा नव्हता. तळमजल्यावरचा शिंपी म्हणाला, वीजच तोडा. मुद्देसाहेब मीटरच्या पेटीपाशी गेले आणि एक खटका खाली ओढला. होमिओपॅथ बाईंच्या दवाखान्यात अंधार झाला आणि आत एका पेशंट बाईंना आपले डोळे गेले असं वाटून त्यांनी किंकाळी फोडली. होमिओपॅथ बाई बाहेर येऊन म्हणाल्या, "मुद्देसाहेब, तुमच्या नाकाचा राग माझ्यावर का काढताय?" माफी मागून त्यांनी दुसरा खटका ओढला. तो बरोबर होता. पण मॅनेजरांनी कॉम्प्युटरला आणि इंटरनेटला मिळून एक मोठी बॅटरी जोडून ठेवली होती. दोन दिवसांनी बंद फ्रिजचा वास जिन्यात दरवळू लागला तेव्हा खटका पुन्हा वर करावा लागला. त्या दोन दिवसांतही स्क्रिप्टची एक संध्याकाळ चुकली नाही. मॅनेजरांनी वस्तू चांगल्या घेतल्या होत्या हे मान्य करायला हवं.

मग पासवर्ड बदलायचं ठरलं. त्यालाही अर्ज होता आणि त्यात कारणं दोनच होती: 'विसरलो' किंवा 'इतरास कळला'. इतरास कळला म्हणावं तर चौकशी लागणार. मुद्देसाहेबांनी 'विसरलो' निवडलं. उत्तर आलं: 'आपण काल आणि परवा हाच पासवर्ड अचूक वापरलेला आहे. सबब आपण तो विसरला आहात हे मान्य करता येत नाही.'

अभिप्राय देणारे साहेब कार्यालय सुटायच्या आधीच निघून जात, म्हणून शेवटी त्यांनी भर दुपारी स्वतः फॉर्म उघडला, छातीवर दगड ठेवून 'असमाधानी' निवडलं, झरोक्याचं छायाचित्र जोडलं, धुळीवर वीस खरे शब्द लिहिले आणि अभिप्रायासाठी साहेबांच्या टेबलाशी तिष्ठत उभे राहिले. संध्याकाळी कार्यालय सुटायच्या ठोक्याला स्क्रिप्ट उठली. एका दिवसात दोन अहवाल आले तर नंतरचा तो दुरुस्त अहवाल, असा पोर्टलचा नियम होता. मुद्देसाहेबांनी आपली चूक सुधारून पूर्ण समाधान व्यक्त केल्याची नोंद झाली. असं रोज घडू लागलं. दुपारी हा माणूस दुःखी व्हायचा आणि संध्याकाळपर्यंत सावरायचा. मुख्यालयात याला 'अंतर्मुखता' म्हणाले.

तिकडे खिडकीसाठी आवक-जावकच्या बाईंनीही अर्ज केला होता. त्यांना उत्तर मिळालं की अर्जदार कायमच असमाधानी असल्याने जागा बदलून उपयोग होईल असे दिसत नाही. कार्यालयात आता खिडकीजवळ बसण्याच्या योग्यतेचा माणूसच उरला नव्हता. समाधानी माणसाला खिडकीची गरज नाही आणि असमाधानी माणसाला तिची किंमत नाही, असा एकंदर सरकारी हिशेब होता, आणि त्यात चूक काढून दाखवणं कुणालाही जमलं नाही.

एके दिवशी मुख्यालयातले मोठे साहेब स्वतः तळघर बघायला आले. सगळ्या कार्यालयांत मिळून एवढा आनंदी कर्मचारी दुसरा सापडला नव्हता. त्यांच्यामागे इथले साहेब, त्यांच्यामागे फुलांचा गुच्छ घेतलेला शिपाई, आणि शिपायामागे जिन्यावर अडकलेलं बाकीचं कार्यालय.

मोठ्या साहेबांनी काट्यांच्या ढिगाकडे पाहिलं, मिचकणाऱ्या ट्यूबलाइटकडे पाहिलं, झरोक्यातून जाणारे बूट पाहिले.

"इथे?" ते म्हणाले. "आणि आमच्याकडे लोक खुर्चीच्या हाताबद्दल कुरकुरतात! अहो, तुमचं परवाचं मनोगत मी घरी बायकोला वाचून दाखवलं. 'इथला प्रत्येक क्षण मी हृदयाच्या कप्प्यात जपला आहे.' तिच्या डोळ्यांत पाणी आलं."

हीच संधी होती. मुद्देसाहेब पुढे झाले. चौकशी झाली तरी बेहत्तर, खरं काय ते सांगून मोकळं व्हायचं असं त्यांनी ठरवलं होतं. "साहेब," ते म्हणाले, "मुद्दा असा की—"

फुलांचा गुच्छ नेमका त्यांच्या नाकाशी आला. पहिली शिंक आली, मग तिचं खानदान. शिंका थांबल्या तेव्हा त्यांच्या दोन्ही डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि गळ्यातून शब्द फुटत नव्हता.

"राहू द्या," मोठे साहेब हलक्या आवाजात म्हणाले आणि त्यांनी मुद्देसाहेबांच्या खांद्यावर हात ठेवला. "मला कळलं."

त्यांना काय कळलं ते पुढच्या आदेशात होतं. एक माणूस तळघरात इतका सुखी होतो तर सगळे का होऊ नयेत? सबंध कार्यालय तळघरात हलवण्यात यावं. हलवलंही. काटे एका भिंतीला सरकवून टेबलं कोंबली गेली. माणसं खाली उतरली ती एकेक मुद्देसाहेबांकडे असं बघत उतरली की त्यांना टेबलाखाली काहीतरी पडलंय असं वारंवार वाटू लागलं. ज्यांनी त्यांच्या लग्नात पंगतीत वाढलं होतं ते आता पेन मागितलं तरी नाही म्हणायचे. धूळ तीच होती, पण आता शिंकणारे बरेच झाले होते, त्यामुळे निदान ती एक सोबत होती.

आवक-जावकच्या बाईंचं टेबल अगदी त्यांच्या मागे आलं. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "काय मिळवलंत हो एवढं गोड लिहून?"

"बाई, मी लिहिलंच नाही ते."

"मग कुणी लिहिलं?"

मुद्देसाहेबांनी सगळं सांगितलं, आणि एकदाही 'मुद्दा असा की' न म्हणता सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे समाधानी होतं ते यंत्र. मग त्यालाच बसवायचं होतं ना तळघरात!"

यंत्राला जागा मिळाली, पण ती वर. सगळ्यांच्या समाधानाचा साठा इतका वाढला होता की कार्यालयातच एक सर्व्हर बसवावा लागणार होता. सर्व्हरला धूळ चालत नाही, दमट हवा चालत नाही, गर्दी चालत नाही. पहिला मजला आता मोकळाच होता. हिशेबनीसांच्या टेबलाच्या जागी सर्व्हरचं कपाट आलं, त्याच्यासाठी थंड हवेचं यंत्र आलं, आणि ऊन लागू नये म्हणून खिडकीच्या काचांना काळा कागद डकवण्यात आला. मुद्देसाहेब ते बघायला वर गेले तर शिपायाने त्यांना दारातच अडवलं. म्हणाला, "साहेब, तुम्ही शिंकता." त्यांना त्याचा राग आला नाही. रागावण्यापलीकडचं काहीतरी झालं. ते खाली आले आणि जप्त काट्यांच्या नोंदी करू लागले.

मॅनेजर परतले ते नातवाचे फोटो घेऊन. मुद्देसाहेबांनी ते सगळे पाहिले, प्रत्येकाला छान म्हटलं आणि मग स्वतःच्या हाताने तो कॉम्प्युटर बंद केला. मॅनेजर हळहळले. "एवढी धडधाकट चालत होती हो!" ते म्हणाले. एखादी गाय विकताना माणूस म्हणतो तसं ते वाटलं.

बायकोने गॅलरीतली कुंडी उचलून त्यांच्या हातात दिली. "न्या बरोबर," ती म्हणाली. "खिडकी नाही तर नाही. झरोका आहे ना?" तिच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणून मुद्देसाहेबांना जास्तच लागलं. त्यांनी कुंडी नेऊन टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवली. चार दिवसांत ते रोपटं मान वाकडी करून झरोक्याकडे बघायला लागलं.

आणि मग एका संध्याकाळी, कार्यालय सुटायच्या आधी, मुद्देसाहेबांनी फॉर्म उघडला. आता मागून येऊन चूक सुधारणारं कुणी नव्हतं. उजेड: वाईट. हवा: वाईट. सध्याच्या जागेवर: असमाधानी. खालून उगवलेले प्रश्नही त्यांनी भरले; साहेबांचा अभिप्राय दुपारीच मिळवून ठेवला होता. मनोगताच्या चौकटीत त्यांनी नाक, धूळ, खिडकी आणि काळा कागद यांविषयी सरळ लिहिलं. वीस शब्द केव्हा झाले ते कळलंच नाही. त्यांनी बटण दाबलं.

पोर्टल थोडा वेळ विचारात पडलं. नव्या सर्व्हरबरोबर नवी सुरक्षाही आली होती.

'आपली आजची उत्तरे आपल्या नेहमीच्या उत्तरांपेक्षा फार वेगळी आहेत. ती एखाद्या यंत्राने पाठवली असण्याची शक्यता आहे. आपण माणूस आहात हे सिद्ध करा.'

खाली लहान लहान धूसर चित्रांचा चौकोन उघडला. वर सूचना होती: 'ज्या चित्रांत खिडकी दिसते ती सर्व निवडा.'

मुद्देसाहेबांनी चष्मा पुसला. एका चित्रात भिंत होती, एकात सायकल, एकात पांढऱ्या चौकटीची उघडी खिडकी आणि तिच्यात कुणीतरी ठेवलेली कुंडी. त्यांनी ती निवडली. आणखी दोन सापडल्या, त्याही निवडल्या. पोर्टल म्हणालं, 'अपूर्ण. पुन्हा प्रयत्न करा,' आणि नव्या खिडक्या आल्या. मुद्देसाहेबांना शिंक आली नाही. घरी जायची घाईही वाटली नाही.

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. आवक-जावकच्या बाई त्यांच्या खांद्यावरून पडद्याकडे बघत होत्या.

"ती खालची राहिली," त्या म्हणाल्या. "चित्रातल्या पडद्यामागे आहे बघा, अर्धीच दिसतेय."

"ती? ते कपाट वाटतं."

"कपाटाला उजेड असतो का हो?"

शेजारच्या टेबलावरचा टंकलेखक उठून आला. मग त्याच्या पलीकडचा आला. शिपाईही जिना उतरून आला आणि पाय उंच करून बघायला लागला. कार्यालय सुटून गेलं होतं, पण कुणी पिशवी उचलली नाही. ट्यूबलाइट मिचकत होती, वरून बूट चालले होते, आणि सगळी माणसं मुद्देसाहेबांच्या भोवती खुर्च्या ओढून खिडक्या शोधत बसली होती.